निराधारचा पगार: ऑफिस एक, कागद दहा, फेऱ्या किती?

‘निराधारचा पगार कुठं सुरू होतो?’ असं गावात विचारलं की चार जण चार ठिकाणं सांगतात. कुणी ग्रामपंचायत म्हणतं, कुणी पंचायत समिती, कुणी सेतू, तर कुणी थेट पुढाऱ्याचं घर. अर्जदार बहुतेक विधवा, वयस्कर नाहीतर दिव्यांग. त्यामुळे चुकीच्या दारात गेलेली एक फेरी म्हणजे एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी गेली, असा सरळ हिशेब आहे.

मुळात गोंधळ व्यवस्थेतच आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना या दोन्ही सामाजिक न्याय विभागाच्या, पण तालुक्यात त्या चालवतो महसूल विभाग. म्हणजे अर्ज जातो तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेकडे. घरकुलासाठी पंचायत समितीत जायची सवय असलेला माणूस याही कामाला तिकडंच जातो आणि ‘हे आमच्याकडं नाही’ ऐकून परततो. त्यात २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं. पाटीवर नवं नाव, लोकांच्या तोंडी जुनं. नेमकं कुणाला भेटायचं, हा प्रश्न आणखी अवघड झाला.

पासष्टच्या आतल्या निराधारांसाठी संजय गांधी योजना, तर पासष्ट आणि त्यापुढच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ. दोन्हींत महिना १,५०० रुपये मिळतात. दिव्यांगांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाली आहे. घरातला कर्ता माणूस गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. त्याचीही चौकशी याच शाखेत करायची.

खरी अडचण २१ हजारांची

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर दिव्यांग सोडून इतरांना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. म्हणजे अख्ख्या कुटुंबाचे महिन्याला १,७५० रुपये. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दरानं घरातल्या एकानं वर्षात ६८ दिवस काम केलं, तरी ही मर्यादा ओलांडते. सरकारच्याच एका योजनेवर राबलं की दुसऱ्या योजनेतून नाव बाद, असा हा प्रकार आहे.

लाडकी बहीण योजनेशी ताडून पाहिलं की विसंगती आणखी ठळक दिसते. तिथंही १,५०० रुपयेच मिळतात, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वय २१ ते ६५. पासष्टी ओलांडली की बाई त्या योजनेतून बाहेर पडते आणि श्रावणबाळच्या दारात येते, तेव्हा मर्यादा एकदम २१ हजारांवर घसरलेली असते. वय वाढलं, हातचं काम सुटलं, आणि नेमकी त्याच वेळी अट कडक झाली. तालुक्यातला कारकून हे बदलू शकत नाही. ती मर्यादा मंत्रालयातच बदलायला हवी.

जाण्याआधी काय जमवायचं

- आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, फोटो
- वयाचा पुरावा: शाळेचा दाखला, नसेल तर सरकारी दवाखान्याचा वयाचा दाखला
- महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा
- उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या नावाचा उतारा
- विधवा असल्यास पतीचा मृत्यूचा दाखला. दिव्यांगांना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र

आधार, रेशन कार्ड आणि पासबुकावर नाव एकसारखं आहे का, ते घरीच ताडून घ्यावं. नावातला एखादा काना कमी पडला तरी अर्ज परत येतो. सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा शनिवारी-रविवारी फेरी वाया जाते. वेळ पावणेदहा ते सव्वासहा.

पैसे आले, पण कुठल्या खात्यात?

आता अनुदान डीबीटीनं थेट खात्यात जातं. आधारवर जमा होणारा पैसा अर्जासोबत जोडलेल्या पासबुकाच्या खात्यात जाईलच असं नाही. आधार शेवटचं ज्या बँकेला डीबीटीसाठी जोडलं गेलं, तिथं तो जातो. त्यामुळे ‘मंजूर झालं पण पगार नाही’ म्हणणाऱ्यांनी तहसीलला खेटे घालण्याआधी बँकेत जाऊन डीबीटीचं खातं कोणतं, एवढंच विचारावं. पगार अचानक बंद पडला असेल, तर वर्षाचा हयातीचा दाखला राहिलाय का, तेही बघावं.

पोच घेतल्याशिवाय निघू नका

अर्ज मंजूर करते तालुका समिती. बैठक कधी, हे अर्जदाराला कळत नाही, म्हणून हातात तारखेची पोच असायलाच हवी. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येतो. मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं. अर्जाचं काय झालं हे तोंडी कळत नसेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत लेखी उत्तर मागता येतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही शुल्क नाही.

नियम लोकांच्या बाजूचे आहेत, पण ते तहसीलच्या भिंतीआड राहतात. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर कागदांची यादी, शाखेचं नाव आणि समितीच्या बैठकीची तारीख लावायला वेगळा निधी लागत नाही. तेवढं झालं तरी म्हाताऱ्या माणसांच्या निम्म्या फेऱ्या वाचतील आणि एजंटाच्या हातात जाणारे पैसे त्यांच्याच कनवटीला राहतील.