मत्स्यपरिषदेसाठीं परदेशगमन : कोणीं जावें व काय आणावें

परदेशांत भरणाऱ्या मत्स्यव्यवसायाच्या परिषदांस आपल्याकडील मंडळी जातात व परत येतात, ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. जाणारे बहुधा खात्यांतील अधिकारी, विद्यापीठांतील अध्यापक किंवा सहकारी संघांचे पदाधिकारी असतात. त्यांच्या जाण्यास नांवें ठेवणारे लोक शेतकरीवर्गांत पुष्कळ आहेत. 'माशाचें शिकावयास विमान कशास पाहिजे, कोळ्याच्या पोरास विचारा', असा त्यांचा टोमणा असतो. उलटपक्षीं, परदेशाहून जो आला तो शहाणा होऊनच आला असें समजून त्याच्या गळ्यांत हार घालणारेहि तितकेच आहेत. प्रस्तुत लेखकास हे दोन्ही पक्ष मान्य नाहींत. येथून निघतांना माणसानें कोणता प्रश्न बरोबर नेला आणि परत आल्यावर तो कोणाच्या दारांत उभा राहिला, यावर असल्या प्रवासाचें चीज होणें न होणें अवलंबून असतें, असें आमचें मत आहे.

हा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत कशास, अशी शंका कोणी काढील. एप्रिल २०२५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें मत्स्यव्यवसायास शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय केला, एवढ्यानेंच खरें म्हणजे त्या शंकेचें निरसन व्हावें. परंतु सरकारी निर्णय बाजूस ठेविला तरी पाणी तर एकच आहे. नाशिक-सोलापूरकडील द्राक्ष-डाळिंबांच्या बागाइतदारांनीं प्लास्टिकचें अस्तर घालून जीं शेततळीं बांधलीं, त्यांत कटला, रोहू सोडून पाहणारे आतां विरळा राहिले नाहींत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत तर मालगुजारी तळ्यांच्या पाण्यावर धान पिकतें आणि त्याच पाण्यांत धीवर बांधवांचा मासा वाढतो. आश्विनांत धानास शेवटचें पाणी पाहिजे असतें. माशास तें उन्हाळ्यापर्यंत पाहिजे असतें. मोरी केव्हां उघडावी व केव्हां बंद करावी यावरून पाळीवर चालणारी कुरबुर ज्यानें ऐकली आहे, त्यास हा विषय परका वाटणार नाहीं.

परदेश पाहून आलेल्या माणसाच्या हातून एखाद्या प्रांताचें खरेंखुरें हित झाल्याचें एक जुनें उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. सर फ्रेडरिक निकोल्सन हे मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी. जे वाचक सहकारी पतपेढ्यांचे सभासद आहेत त्यांस हें नांव परकें वाटूं नये. कारण युरोपांतील शेतकी पेढ्यांचा अभ्यास करून त्यांनीं १८९५ व १८९७ सालीं दोन भागांत जो अहवाल सादर केला, त्यांत जर्मनींतील रायफायझन याच्या खेडेगांवच्या पतपेढीचा कित्ता गिरवावा अशी शिफारस होती, आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा होण्यास त्या अहवालाचें मोठें साह्य झालें. हाच गृहस्थ पुढें माशांकडे वळला. मद्रास सरकारनें त्यांस मत्स्यव्यवसायाच्या चौकशीचें काम दिलें, त्यासाठीं ते युरोपांत व जपानांत जाऊन आले, जपानवरील त्यांचें टिपण १९०७ सालीं प्रसिद्ध झालें आणि त्याच सालीं मद्रास इलाख्यांत मत्स्यखात्याचा पाया घातला गेला.

निकोल्सन परिषदेस गेले नव्हते, पाहणीस गेले होते, हा भेद आहे खरा. परंतु त्यांनीं पाहिलें काय, तें लक्षांत घेण्यासारखें आहे. जपानांत १९०१ च्या कायद्यानें गांवोगांवच्या कोळ्यांच्या संघांस आपापल्या किनाऱ्यावरील मासेमारीचे हक्क मिळालेले होते. मासेमारीच्या शाळा व प्रयोगाचीं ठाणीं निघालेलीं होतीं. हेरिंग व तारली उकळून, दाबून, वाळवून त्यांचें खत भातास व कापसास घालण्याची चाल तर तेथें फार जुनी. आतां मलबारच्या किनाऱ्याकडे पाहावें. तेथें हंगामांत तारली इतकी येई कीं खपून उरलेली वाळूवर पसरून वाळवीत आणि तेंच खत म्हणून विकीत. त्यांत मासा किती व वाळू किती, हें घेणाऱ्याच्या नशिबावर. (मिश्रखताच्या पोत्यांत कंकर सांपडलेल्या आमच्या वाचकांस या सुखाची कल्पना आहेच.) तेल काढावयाचें तर मासा कुजवून काढीत, तें काळें व दुर्गंधी निघे. नव्या खात्यानें ताजी तारली कढईंत उकळून, दाबून तेल काढण्याची व उरलेला चोथा वाळवून स्वच्छ खत करण्याची रीत स्वतः करून दाखविली. उपकरणें थोडीं, काम गांवच्या माणसास जमणारें. थोड्याच वर्षांत त्या किनाऱ्यावर असे पुष्कळ खासगी कारखाने निघाले. तेल बाहेर जाऊं लागलें आणि खत मळेवाल्यांकडे. निकोल्सन यांनीं जपानांतल्या मोठमोठ्या आगबोटींचें वर्णन करून हात झटकले असते, तर यांतलें कांहींच झालें नसतें.

दुसरें उदाहरण आपल्या तळ्यांतल्या माशाचें. कटला, रोहू, मृगळ हे मासे वाहत्या नदीच्या पुरांत अंडीं घालतात. बांधलेल्या तळ्यांत ते वाढतात, पण सामान्यतः अंडीं घालीत नाहींत. यामुळें पूर्वीं मत्स्यबीज म्हणजे पावसाळ्यांत नदीवर जाळें लावून गोळा केलेलें जिरें. तें मातीच्या हंड्यांत भरून बंगालहून आगगाडीनें दूरदूर पाठवीत. वाटेंत किती मरे तें दिसे तरी. परंतु त्यांत दुसऱ्या माशांस खाणाऱ्या जातींचीं पिल्लें किती आहेत, हें विकत घेणाऱ्यास तळें उपसल्यावर कळे. ब्राझील देशांत १९३० नंतरच्या दशकांत फॉन ईहरिंग या शास्त्रज्ञानें माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा रस टोंचून माशास अंडीं घालावयास लाविलें होतें. तें ज्ञान जगभर फिरत आपल्याकडे आलें. अमेरिकेंत अलाबामा येथें मत्स्यशेती शिकून आलेले डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे वरिष्ठ सहकारी डॉ. अलिकुन्ही यांनीं १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत अंगुळ येथें आपल्या देशी माशांवर तो प्रयोग सिद्धीस नेला. तळ्याच्या कांठीं, कापडाच्या हाप्यांत, घरच्या माशाचें शुद्ध बीज मिळूं लागलें. आज शेततळ्यांत सोडावयास जी बोटुकली मिळते तिचें मूळ तेथें आहे, आणि १० जुलै हा दिवस म्हणूनच देशांत मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मे १९६६ मध्यें रोम येथें उष्ण प्रदेशांतील तळ्यांच्या मत्स्यशेतीवर जागतिक परिसंवाद भरला, तेव्हां जगास सांगण्यासारखें भारताकडे स्वतःचें कांहीं होतें. परिषदेंत नुसतें ऐकावयास जाणारा आणि कांहीं सांगावयासहि जाणारा यांत फार अंतर असतें.

अर्थात् परदेशांतून आलेली प्रत्येक वस्तु हितकारकच असते असें नाहीं. मोझांबिकचा तिलापिया १९५२ सालीं भारतांत आला. हा लवकर वाढतो, कांहींहि खातो, गरिबास स्वस्त मासा मिळेल, असें त्याचें वर्णन होतें. तळ्यांत त्याची वीण इतकी होते कीं सर्वांचीच वाढ खुंटते व देशी माशांचें अन्न मात्र संपतें. उजनी जलाशयाच्या कांठीं 'चिलापी' या नांवानें जो मासा ढिगांनीं विकला जातो तो याच कुळांतला. आज पुष्कळ मच्छीमारांचें पोट त्यावर चालतें हें खरें असलें, तरी तेथील जुन्या माशांची आठवण काढणारे लोकहि आहेत. आफ्रिकी मांगुराच्या पैदाशीस केंद्र सरकारनें २००० सालीं बंदी घातली, तरी 'थायी मांगूर' म्हणून तो चोरून पाळला गेला. नवी जात पाहून आलेल्या माणसास शेतकऱ्यानें पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, ही पुरांत तळें फोडून नदींत गेली तर पुढें काय.

आतां जाणारा माणूस कोण असावा, या मुद्द्याकडे येतों. १९८४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें रोम येथें मत्स्यव्यवसायाच्या व्यवस्थेविषयीं जागतिक परिषद भरविली. निरनिराळ्या सरकारांचे प्रतिनिधि तेथें जमले. होडीवर आयुष्य काढणाऱ्या माणसास तेथें जागा नव्हती. तेव्हां त्याच शहरांत, त्याच जुलै महिन्यांत, मच्छीमारांनीं व त्यांच्या हितचिंतकांनीं आपली निराळी परिषद भरविली. ३४ देशांतून सुमारें शंभर माणसें तीस आलीं. आपल्या शेजारच्या गोव्यांत त्यापूर्वींच रापणकारांनीं ट्रॉलरांविरुद्ध मोठी चळवळ केली होती व मातान्ही साल्ढाणा यांच्यासारखे पुढारी त्यांतून पुढें आले होते. किनाऱ्यालगतचें पाणी कोणाचें, हा प्रश्न रोमच्या सभागृहांत जन्मलेला नव्हे. रोमच्या त्या निराळ्या परिषदेच्या प्रेरणेनें १९८६ सालीं त्रिवेंद्रम येथें मच्छीमारांच्या हितासाठीं एक आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. पुढें जून २०१४ मध्यें, त्याच अन्न व शेती संघटनेच्या मत्स्यसमितीनें लहान मच्छीमारांच्या हक्कांविषयींचीं मार्गदर्शक तत्त्वें मान्य केलीं, आणि तीं समुद्राबरोबर नदी-तळ्यांच्या मासेमारीसहि लागू आहेत. तीं ऐच्छिक आहेत, कायदा नव्हेत. पण ज्यांस दाराबाहेर ठेविलें होतें त्यांचा विषय घरांत येण्यास तीस वर्षें लागलीं, हें विसरतां येत नाहीं.

शास्त्रज्ञांच्या परिषदेंत अडाणी माणसाचें काय काम, असा आक्षेप येईल. ग्रंथींच्या रसायनाची चर्चा जेथें चालते तेथें शास्त्रज्ञानेंच जावें, याविषयीं वाद नाहीं. परंतु तळ्यांचे ठेके कसे द्यावे, पाणी कोणीं किती ठेवावें, बीजाचा पुरवठा कसा व्हावा, हे प्रश्न ज्या परिषदेंत निघतात तेथें पाळीवरचा माणूस नसणें ही उणीव आहे. इंग्रजी येत नाहीं हें कारण पुरेसें नाहीं. कोर्टांत साक्ष देणाऱ्या कुळास दुभाषी मिळतो, मग येथेंच तो कां मिळूं नये?

मुलकी दप्तरांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास एक गोष्ट पाठ असते. दौऱ्याच्या भत्त्याचें बिल वेळेवर, रीतसर प्रतींत, पैपैच्या हिशोबासह येतें. दौऱ्यांत काय पाहिलें याचा कागद मात्र मागावा लागतो, आणि मागूनहि येतो तो बहुधा स्वागत, उद्घाटन व निरोपसमारंभ यांनींच भरलेला असतो. पूर्वीं आगबोटीनें जाणाऱ्यास महिने लागत व तो वाटेंतलीं बंदरें पाहून येई. आतां विमानानें एका दिवसांत जाणें, चार दिवस सभागृहांत बसणें आणि पांचव्या दिवशीं परतणें. मासा दिसलाच तर तो ताटांत. म्हणून ज्या परिषदेबरोबर तेथील तळीं, बीजकेंद्रें किंवा मासळीबाजार पाहण्याची सोय नाहीं, तिच्यासाठीं संघाचा पैसा खर्च करूं नये, असें आम्ही स्पष्टपणें म्हणतों.

शिवाय प्रत्येक वेळीं फार दूरच जावें लागतें असेंहि नाहीं. १९७६ सालीं जपानांत क्योटो येथें अन्न व शेती संघटनेनें मत्स्यशेतीवर परिषद भरविली. तिच्या शिफारशींतून पुढें आशियांतील मत्स्यशेतीकेंद्रांचें जाळें उभें राहिलें व त्यांतील भारताचें मुख्य केंद्र भुवनेश्वराजवळ झालें. क्योटोस जाणाऱ्यानें तें केंद्र आधीं पाहिलेलें असावें, एवढी अपेक्षा वावगी नव्हे. आणि परदेशच पाहावयाचा तर आमच्या धानपट्ट्यास लंका अधिक उपयोगी पडेल. तेथें पावसाळ्यापुरतें भरणाऱ्या गांवतळ्यांत भातशेतकऱ्यांच्या संघटनांनींच मत्स्यबीज सोडण्याचे प्रयोग केलेले आहेत. भातास पाणी देऊन माशासाठीं किती राखावें याचा निवाडा तेथें शेतकरी आपसांत कसा करतात. सहा-सात महिनेच पाणी टिकत असेल तर बारीक बीज सोडतात कीं वाढलेली बोटुकली. मासा विकून आलेल्या पैशांतून तळ्याच्या दुरुस्तीस कांहीं काढून ठेवतात कीं काय. असे प्रश्न लिहून घेऊन गेलेला मनुष्य रिकाम्या हातानें परतणें कठीण.

आमच्या संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढें या बाबतींत एक ठराव यावा अशी सूचना आहे. संघाच्या किंवा सरकारच्या खर्चानें जो कोणी मत्स्यपरिषदेस जाईल त्यानें निघण्यापूर्वीं तालुक्यांतील तळेवाल्यांची व मच्छीमार सोसायट्यांची बैठक घेऊन त्यांचे प्रश्न लेखी घ्यावे; परत आल्यापासून दोन महिन्यांच्या आंत त्या प्रश्नांचीं उत्तरें मराठींत, खर्चाच्या तपशीलासह, याच मासिकांत छापावीं; आणि ज्या प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं त्यापुढें तसें स्पष्ट लिहावें. दोन माणसांचा खर्च मंजूर असेल तेव्हां त्यांतला एक स्वतः तळें राखणारा असावा. सभेची विषयपत्रिका निघण्यापूर्वीं अनुमोदकांनीं आपलीं नांवें चिटणिसांकडे कळविल्यास ठराव रीतसर मांडतां येईल.