डोंगर एकाचा, पाणी दुसऱ्याचं

डोंगर म्हणजे नैसर्गिक सरहद्द, असं शाळेत भूगोलाच्या बाईंनी शिकवलं होतं. उदाहरण ठरलेलं : फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधला पिरेनीज. नकाशातली ती तपकिरी पट्टी बघून पटायचंही. आता मात्र हे वाक्य मला साफ चुकीचं वाटतं.

१६५९ च्या तहात दोन राजांनी 'पिरेनीज ही हद्द' असं लिहून टाकलं. नेमकी कुठून, ते ठरवायला १८५६ ते १८६८ या काळात आणखी करार करावे लागले! आरानचं खोरं बघा. ते डोंगराच्या मुख्य धारेच्या उत्तरेला आहे, तिथली गारोन नदी फ्रान्सकडे उतरते, पण राज्य स्पेनचं. १९४८ मध्ये बोगदा झाला. तोवर हिवाळ्यात खिंडीत बर्फ साचलं की तिथल्या माणसांना परक्या देशात जाणं सोपं आणि स्वतःच्या देशात जाणं कठीण.

पाण्याची गंमत तर त्याहून मोठी. आनेतो हे सगळ्यात उंच शिखर (३४०४ मीटर) स्पेनमध्ये. तिथल्या हिमनदीचं पाणी थोडं खाली येऊन एका खड्ड्यात गडप होतं. ते दक्षिणेच्याच नदीला मिळत असणार, असं धरून वीजनिर्मितीसाठी ते वापरायचा बेत चालला होता. नॉर्बेर कास्तरे या गुहा धुंडाळणाऱ्या फ्रेंच माणसाला ते पटेना. १९३१ साली त्याने त्या खड्ड्यात ६० किलो रंग ओतला. पाणी डोंगराच्या पोटातून, धारेच्या खालून जाऊन आरान खोऱ्यात हिरवंगार होऊन बाहेर पडलं. म्हणजे ते गारोनचं होतं, खाली फ्रान्समध्ये जाणारं.

खानापूर तालुक्यात उगम पावून सत्तरीत उतरणारी आपली म्हादई वळवायची भाषा ऐकली की मला तो हिरवा रंग आठवतो. उगम आमचा म्हणून पाणी आमचं, हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. खाली ज्यांचं जगणं त्या पाण्यावर चालतं, त्यांचं काय?

राजांपेक्षा गुराखी शहाणे निघाले. फ्रान्समधलं बारेतू आणि स्पेनमधलं रोंकाल या दोन खोऱ्यांत चराई आणि पाण्यावरून खून पडले होते. १३७५ मध्ये पंचांनी निवाडा दिला. त्यानुसार बारेतूवाले दर वर्षी, आता १३ जुलैला, तीन गाई रोंकालला देतात. गाई दोन वर्षांच्या आणि एकाच रंगाच्या हव्यात. बदल्यात त्यांची गुरं २८ दिवस पलीकडे चरतात, पाणी पितात.