पकडायचा आणि सोडायचा



आमच्या चौथीच्या वर्गात एका मुलीने उभं राहून सांगितलं, "बाई, माझे बाबा रविवारी मासे सोडायला जातात." अख्खा वर्ग खो खो हसला. मासे पकडायला जातात हे सगळ्यांना ठाऊक. सोडायला कोण जातं? मागच्या बाकावरून एक आवाज आला, "बाई, पकडता येत नसतील!" पोरगी रडवेली होऊन खाली बसली.

ही मुलगी दिवाळे गावातली. सीबीडी बेलापूर म्हटलं की तुमच्यापैकी कित्येकांना कोकण भवन, सिडको भवन आणि स्टेशनवरच्या उंच इमारती आठवतील. पण पाम बीच रस्ता ओलांडून खाडीच्या अंगाला गेलात की दिवाळे लागतं. तिथे कोळीवाडा आहे, मासळीबाजार आहे, जेट्टीला टेकलेल्या होड्या आहेत. तिचे वडील तांडेल आहेत. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, समुद्रावरचा कॅप्टनच म्हणा ना. एरवी ते जाळी घेऊन जातात. थंडीच्या दिवसांत मात्र कधीकधी एखादा हौशी माणूस त्यांची बोट दिवसभरासाठी ठरवतो आणि काठी-रीळ घेऊन खोल समुद्रात गळ टाकायला जातो. मासा लागला की फोटो काढतो आणि बहुतेक वेळा सोडून देतो.

दुसऱ्या दिवशी तांडेल स्वतः शाळेत आले. म्हणाले, "बाई, हिला एकदा बोटीवर नेतो. तुमी पण चला, म्हंजे हिच्या आजीची कटकट नाय." आजीचं म्हणणं होतं की, पोरींचं बोटीवर काय काम! बाई सोबत आहेत म्हटल्यावर आजीबाई गप्प झाल्या. आणि मला तर काय, निमित्तच हवं होतं.

निघायचं पहाटे साडेचारला. मी म्हटलं, "अहो, सहाला निघू की." तांडेल हसले. "सहाला खाडीत चिखल असंल, बाई."

इथे एक गंमत सांगते. कोळी लोक भरतीची वेळ तोंडी काढतात. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. झाली भरतीची वेळ! आमच्या वेळी होती षष्ठी. सहाची पाऊणपट किती? साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास भरती, आणि पुढची सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी, म्हणजे संध्याकाळी पाचच्या आतबाहेर. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. मुंबईच्या किनाऱ्याला हा हिशेब साधारण जुळतो; खाडीत आत शिरायला पाण्याला थोडा जास्त वेळ लागतो. आज घरातल्या कॅलेंडरात तिथी बघा आणि करून पाहा. पाढे पाठ करून काय उपयोग, असं विचारणाऱ्यांनी तर जरूर करून पाहा.

तर बोट भरतीला बाहेर काढली की पुढच्या भरतीलाच आत आणायची. मधल्या वेळात ओहोटीचा चिखल. हौशी पाहुणा 'पूर्ण दिवसाची बोट' ठरवतो खरा, पण तो दिवस किती लांबीचा हे ठरवतो चंद्र!

आम्ही पाच जण होतो. तांडेल, त्यांची लेक, मी, बेलापूरच्याच एका कचेरीत काम करणारे काका आणि त्यांचा कॉलेजात जाणारा पुतण्या. सगळ्यांना आधी लाइफ जॅकेट. तांडेल त्याबाबत एकदम कडक. अंधारात खाडीतून निघालो, तर समोर पाण्यावर दिव्यांची भलीमोठी माळ! तो अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला, जवळजवळ २२ किलोमीटर लांब. गाडीतून तो सगळ्यांनीच पाहिला असेल, खालून बोटीतून पाहिलाय कुणी? त्याच्या पोटाखालून आम्ही गेलो. मग घारापुरीचा डोंगर, मग उरणकडचे दिवे, आणि उजाडता उजाडता खांदेरीचं दीपगृह. खांदेरीचा किल्ला छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतला. २०२५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथे वेताळदेवाचं ठाणं आहे. तांडेलांनी बोटीतूनच हात जोडले, म्हणून आम्हीही जोडले.

खांदेरीच्या पुढे गेल्यावर बोट अगदी हळू केली. काकांनी रंगीत खोटा मासा दोरीला बांधून मागे सोडला. बोट चालत राहते, खोटा मासा पाण्यात वळवळत मागे येतो आणि मोठ्या माशाला वाटतं, अरे वा, न्याहारी! त्याआधी काकांनी एक विचित्र गोष्ट केली होती. गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो, तो मासा निसटू देत नाही. काकांनी पकडीने तो दाबून सपाट करून टाकला.

"आता अडकणार कसा?" मुलीने विचारलं.

दोरी ताणलेली असली की अडकतो, ढिली पडली की सुटतो. लक्षद्वीपचे मच्छीमार टूना पकडतात तेही बिनकाट्याच्या गळाने. मासा बोटीत आला की आपोआप गळातून सुटतो आणि हात लगेच पुढच्या माशाला मोकळा. तिथे घाईसाठी, इथे माशाला जखम कमी व्हावी म्हणून.

या खेळाचे नियमही आहेत बरं का! १९३९ मध्ये अमेरिकेत इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन नावाची संस्था निघाली, तिने ते केले. त्यातला एक नियम असा की, ज्याच्या काठीला मासा लागला त्यानेच तो एकट्याने ओढायचा. दुसऱ्याने काठीला बोट लावलं तरी तो विक्रमात धरत नाहीत. काकांनी हे सांगितल्यावर तांडेल खूप हसले. "आमच्यात एकट्याने जाळं वडलं तर पोट फाटंल! सगळ्यांनी मिलून वडायचं, सगळ्यांनी वाटून घ्यायचं." पु. ल. देशपांड्यांचं 'एका कोळियाने' मोठे झाल्यावर जरूर वाचा. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या १९५२ च्या कादंबरीचा तो अनुवाद. त्यातला म्हातारा कोळी एकटाच एका प्रचंड माशाशी झुंजतो. हेमिंग्वे स्वतः क्यूबाजवळच्या उबदार समुद्रात आपल्या 'पिलार' नावाच्या बोटीतून असेच मासे धरायला जायचा. पण तो हौसेने आणि त्याचा म्हातारा पोटासाठी, हा फरक मला त्या दिवशी बोटीवर बसून पहिल्यांदा नीट जाणवला.

पहिला मासा पुतण्याला लागला. सुरमई! पण छोटीशी. त्याचा आनंद गगनात मावेना. "ही सोडायची नाही हं, हिला तळायची!"

तांडेल काही बोलले नाहीत. बोटीच्या फळीवर रंगाची एक रेघ होती. त्यांनी हात पाण्यात ओले केले, मासा त्या फळीवर धरला. तीन बोटं कमी. आणि सरळ पाण्यात सोडून दिला.

पुतण्याचं तोंड एवढंसं झालं. मग तांडेलांनी सांगितलं ते ऐका. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली. सुरमई ३७० मिलिमीटर. पापलेट, जो त्याच वर्षी आपला राज्यमासा झाला, तो १३५ मिलिमीटर. त्याहून लहान असेल तर पकडायचा नाही. पिल्लांना वाढू द्यायचं. "आमीच बारीक म्हावरं उपसलं, तर हिच्या वाटणीला काय ऱ्हाईल?" असं म्हणून त्यांनी लेकीकडे बोट केलं.

मला फार मजा वाटली. पैसे मोजून मासे सोडायला आलेले लोक मासा ठेवायला बघत होते, आणि मासे विकून घर चालवणारा माणूस तो सोडत होता!

दुपारी अकराच्या सुमारास काकांच्या काठीला जोरदार हिसका बसला. रीळ करकर फिरायला लागलं. काका घामाघूम. कोण कुणाला ओढतंय तेच कळेना. खरं सांगू का, निम्मं काम तांडेलांचंच होतं. बोट कधी पुढे, कधी तिरकी, दोरी कुठे घासू द्यायची नाही. नियमात मात्र त्यांचं नाव कुठेच नाही. शेवटी आली वर, हातभराहून लांब, चकचकीत सुरमई.

काका म्हणाले, "सोडूया."

आता नीट लक्ष द्या, कारण मला वाटलं होतं सोडणं म्हणजे टाकून देणं. तसं नसतं. सुरमईला सतत पोहावं लागतं, तेव्हा कुठे तिच्या कल्ल्यांतून पुरेसं पाणी वाहतं. दमून थांबली की गुदमरते. त्यातून आपला समुद्र उबदार, आणि उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून झुंज लांबवायची नाही, पाण्याबाहेर फार वेळ धरायचं नाही, कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत. तांडेलांनी ओणवं होऊन तिची शेपटी धरली, तोंड पुढे केलं आणि बोट अगदी सावकाश चालत राहिली, म्हणजे पाणी तिच्या तोंडातून कल्ल्यांकडे जाईल. मुलगी मोठ्याने आकडे मोजत होती. एकशे दहा… एकशे अकरा… माझाच जीव वरखाली होत होता. एकशे चाळीसला शेपटीचा एक फटका बसला आणि तांडेलांच्या हातात नुसतं पाणी उरलं.

"जगेल ना, बाबा?"

"काय सांगावं! सोडला म्हंजे जगला असं नसतं."

मग तिने काकांना तो प्रश्न विचारला, जो मला सकाळपासून विचारायचा होता. "सोडायचा होता तर पकडला कशाला?" काका जरा ओशाळले. म्हणाले, "मला नीट सांगता येत नाही गं. दोरी ओढली जाते तेव्हा वाटतं, पलीकडे कुणीतरी आहे." उत्तर काही मला पुरेसं वाटलं नाही. पण त्यांनी खोटंही सांगितलं नाही.

परतताना तांडेल सांगत होते. पूर्वीइतकं म्हावरं आता लागत नाही. कधी डिझेलचेही पैसे सुटत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींना बंदीच असते. पाहुण्यांची बोट म्हणजे ठरलेले पैसे नक्की हातात. "पन सोडायचं आमाला कुनी शिकवाय नको," ते म्हणाले. एकदा त्यांच्या जाळ्यात कासव अडकलं होतं. जाळं कापून सोडलं. कासव, देवमुशी असे संरक्षित प्राणी जाळं कापून सोडले, तर २०१८ पासून सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, पण त्यासाठी फोटो लागतो. "त्या वक्ताला फोटो कोन काडनार? ते तडफडत होतं."

पाचच्या भरतीला आम्ही दिवाळ्याला लागलो.

सोमवारी वर्गात मी काहीच बोलले नाही. तिलाच फळ्याजवळ बोलावलं. तिने मोठी पट्टी घेतली आणि ३७ सेंटिमीटरची रेघ मारून तिला सुरमईचं तोंड आणि शेपटी काढली. मग खाली साडेतेरा सेंटिमीटरचं पापलेट. सगळ्यांनी आपापल्या कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी काढून बघितली. कुणी हसलं नाही. ती सांगत होती, एकशे चाळीसपर्यंत कसं मोजलं ते.

मागच्या बाकावरचा तो मुलगा उठला. म्हणाला, "बाई, रविवारी मासळीबाजारात पट्टी घेऊन जाऊ?"

"जा की," ती म्हणाली, "पन माझ्या आजीच्या टोपलीला हात लावायच्या आधी तिला विचार. लय मारंल."