पिठाचा कोंबडा आणि खुराड्यातली कोंबडी

यशोधर राजाची कथा आपण श्राविका लहानपणापासून ऐकतो. त्यानं आईच्या हट्टापायी पिठाचा कोंबडा बळी दिला, आणि मायलेकरांना जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीत भटकावं लागलं. जन्न कवीनं १२०९ च्या सुमारास ती कन्नडमध्ये रचली. ऐकताना आपले डोळे भरतात. पण मच्छेत पौषाच्या गारठ्यात शेजारच्या खुराड्यातली कोंबडी काकडते, तेव्हा आपण म्हणतो, "त्यांनी पाळलीय, त्यांचं पाप. आपण कशाला वाटेकरी व्हा?"

दिल्लीला लाल किल्ल्यासमोरच्या आपल्या दिगंबर मंदिरात पक्ष्यांचं इस्पितळ आहे, त्याचं कौतुक मात्र तोंडभर! कोंबडीच्या मरणाला आपली अनुमोदना नको, हे खरंच. मग तिच्या कुडकुडण्याला तरी का असावी?

काम ते केवढं! वाऱ्याच्या बाजूला बारदान बांधायचं. वर चार बोटं फट मोकळी सोडायची, नाहीतर आत ओल धरते आणि विष्ठेचा उग्र वास कोंडतो. खाली भाताचं कोरडं तूस पसरायचं, भिजलं की बदलायचं. शेगडी ठेवायची नाही, आग लागते.

घरातली रिकामी बारदानं आधी शेजारणीला नेऊन द्या. यशोधराची कथा त्यानंतर वाचू.