जीव वाचवला, तर श्रेणी का घसरावी?

पुण्याला समुद्र नाही, पण इथली कितीतरी पोरं शिपवर आहेत. म्हणून हे लिहितोय.

२०२३ पासून आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ५००० ग्रॉस टन आणि त्याहून मोठ्या मालवाहू जहाजांना दरवर्षी ए ते ई अशी कार्बन श्रेणी मिळते. एकदा ई किंवा सलग तीन वर्षं डी आली, की सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. हिशोब असा: वर्षभराचा कार्बन भागिले जहाजाची क्षमता गुणिले कापलेलं अंतर.

आता २०२१ चं तौक्ते वादळ आठवा. मुंबईजवळ पी-३०५ बार्ज बुडाला. अशा वेळी वाटेतलं जहाज मदतीला थांबलं, तर इंधन जळतं, अंतर मात्र वाढत नाही. म्हणूनच जीव वाचवणं, जहाजाची सुरक्षितता आणि बर्फातला प्रवास यासाठी सवलत आहे. तेवढं इंधन आणि अंतर वजा होतं. पण वेळ, जागा, इंधन त्याच वेळी लिहिलेलं असेल तरच!

बंदराबाहेर नांगर टाकून ताटकळणं मात्र या सवलतीत बसत नाही. ते खटकत असेल तर नियम बदलून घ्या, नोंदी ‘सजवू’ नका. एक खोटी नोंद दहा खऱ्या नोंदींवरचा विश्वास घालवते.

पोरांनो, आधी माणूस वाचवा. मग लगेच लॉगबुक उघडा.