माजघर, ओटी आणि खिडकीबाहेर

महाभारत मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. २ ऑक्टोबर १९८८ ला ते सुरू झालं आणि २४ जून १९९० ला संपलं. भाग एकूण ९४. त्या सगळ्या रविवारी आमच्या आटगावच्या घरात टीव्ही माजघरात चालायचा आणि आई नि मी स्वयंपाकघरात. टीव्ही बघायला आलेल्यांना चहा, मग घरच्यांच्या भाकऱ्या, मग कालवण. कपबशा घेऊन बाहेर गेले की एखादा मुकुट, एखादं रथाचं चाक दिसायचं. बाकी सगळं भिंतीपलीकडून. हरीश भिमाणींचा ‘समय’ बोलायला लागला की आई तव्यावरचा हात थांबवायची. राही मासूम रझांनी संवादच असे लिहिले होते, की चित्र नसलं तरी गोष्ट हातातून सुटत नसे. तेव्हाच्या मालिकांमधलं काय चांगलं होतं असं कुणी विचारलं, तर मी हे सांगेन: त्या कानांनी बघता यायच्या. आताच्या मालिकेत दर दोन वाक्यांना ढोल बडवतात, भिंतीपलीकडून काही म्हणजे काही कळत नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे पन्नाशीकडे झुकलेली माझी पिढी. रविवार उजाडला की फोनवर त्या दिवसांची चित्रं यायला लागतात. चंद्रकांता, सुरभि, जंगल बुक, आपला गोट्या. खाली ठरलेला मजकूर: एकच टीव्ही होता, अख्खं गाव एकत्र बसून बघायचं, आणि आता घरातल्या घरात प्रत्येकाचा फोन वेगळा. अख्खं गाव बघायचं, हे खरं आहे. कोण कुठे बसून बघायचं, ते मात्र कुणी लिहीत नाही.

मी लिहिते, कारण टीव्ही आमच्या घरात होता.

बाबा रेल्वेत खलाशी. त्यांनी कल्याणहून हप्त्यावर काळा-पांढरा टीव्ही घेतला, लाकडी शटरचा, आणि कसारा लोकलच्या लगेजच्या डब्यातून दुधाच्या रिकाम्या किटल्यांमध्ये बसवून आणला. कौलांवर बांबू, बांबूवर अँटेना, तोंड मुंबईकडे. चित्र बिघडलं, मुंग्या आल्या, की दोष आधी माहुलीच्या डोंगराला आणि मग अँटेनावर बसलेल्या कावळ्याला. एकजण कौलांवर, एकजण अंगणात, एकजण आत, आणि ‘आलं का?’, ‘गेलं!’ असा पुकारा. व्होल्टेज उतरलं की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं आणि भीम सुद्धा किडकिडीत दिसायचा.

बसायची व्यवस्था आजीच्या हातात होती. खाटेवर बाबा, काका आणि त्यांच्या ओळखीची स्टेशनातली माणसं. सतरंजीवर भावकी आणि शेजारचे. बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, तेही काम आटोपलं असेल तर. गावातली बाकीची पोरं ओटीवर, दारातून मान काढून. आणि कातकरवाडीवरची पोरं खिडकीच्या बाहेर, गजांना धरून. “तिथूनच बघा रं, दिसतंय तिथून,” आजी म्हणायची. आजी दुष्ट नव्हती. त्या पोरांना ती उरलेली भाकरी द्यायची, पावसात पडवीत घ्यायची. पण माजघरात नाही. तिला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी विचारलेलंही नव्हतं. इतकं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या खिडकीतल्या पोरांचं महाभारत कसं होतं, ते ऐका. कातकरवाडीवरची बिऱ्हाडं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे. पहिल्या पावसाच्या आसपास परततात. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने वाडी निम्मी रिकामी. भीष्म शरपंजरी पडले, द्रोण गेले, कर्णाचं चाक रुतलं, हे सगळं १९९० च्या पावसाच्या आधी होऊन गेलं. तेव्हा ती पोरं विटा वाहत होती. जूनमध्ये वाडी परत आली तेव्हा माझ्याच वयाच्या एका मुलाने खिडकीतून मला विचारलं, “कर्णाचं काय झालं?” मी सांगितलं. मीही ते ऐकूनच सांगत होते. त्याने आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या, रथ कुणी हाकला वगैरे, आणि मग म्हणाला, “मला वाटलं तो जिंकंल.”

‘अख्खं गाव एकत्र’ या शब्दांत मला त्याला कुठे बसवावं ते कळत नाही.

पुढे २०२० मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवायला सुरुवात केली. १६ एप्रिलच्या प्रक्षेपणाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचं प्रसार भारतीने अभिमानाने जाहीर केलं. त्याच दिवसांत मुंबई-नाशिक महामार्गावरून, म्हणजे आमच्या दारावरूनच, माणसं डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरं घेऊन कसारा घाटाकडे चालली होती. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, जिथलं असेल तिथे. गावातल्या लोकांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, खिचडी शिजवली. आणि वेळ झाली की आत जाऊन वनवास बघितला. मीही बघितला. चांगला वाटला. पण फोनवर ‘बघा, रामायणाने पुन्हा देश एकत्र आणला’ असं आलं, तेव्हा रस्त्यावर कोण होतं, असं विचारावंसं वाटलं.

टीव्ही कुणाच्या घरात ठेवायचा, हा प्रश्न या देशात कुणाला पडलाच नव्हता असं नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोने अमेरिकेच्या उपग्रहाची मदत घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. संच सार्वजनिक जागी, सगळ्यांसाठी. आंध्र, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान. महाराष्ट्र त्यात नव्हता. गुजरातेत खेडा जिल्ह्यात तर पिज नावाच्या गावी एक छोटं प्रक्षेपण केंद्र होतं. तिथले कार्यक्रम त्याच भागातल्या माणसांवर, त्यांच्याच बोलीत, मजुरी आणि सावकारी असल्या विषयांवर. १९८४ मध्ये त्याला युनेस्कोचा ग्रामीण संवादाचा पुरस्कारही मिळाला. पुढे ते केंद्र बंद पडलं. पुरस्कार मिळालेली गोष्ट बंद करायला आपल्याकडे फारसं धाडस लागत नाही.

आमच्या शहापूर-मुरबाड भागाला असं काही मिळालं नाही. आमच्या वाट्याला वरळीच्या मनोऱ्यावरून आलेला टीव्ही होता, मुंबईने मुंबईसाठी केलेला. त्यातली एक गंमत मला अजून हसवते. लिरिल साबणाची जाहिरात लागायची, धबधब्याखाली नाचणारी मुलगी. ती बघणाऱ्या बायका मे महिन्यात विहिरीच्या तळाचं पाणी वाटीने हंड्यात भरून आलेल्या असायच्या. तानसा धरण आमच्या उशाला, १८९२ सालचं. त्याचं पाणी जाडजूड नळांतून आमच्या डोळ्यांदेखत मुंबईला जातं. काकू म्हणायची, “आपलंच पाणी दिसतंय गो.”

तरी एक अर्धा तास आमचा होता. त्याची आठवण कुणीच फोनवर पाठवत नाही. ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम. संध्याकाळी लागायचा. शहरातली माणसं तेवढ्यात उठून दूध आणायला जात असतील. आमच्याकडे बाबा शटर उघडून बसायचे आणि सगळ्यांना गप्प करायचे. भाताचं बियाणं, करप्याची फवारणी, लावणीतलं दोन चुडांमधलं अंतर. कधी कोकण कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, कधी कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं शिवार. बाबा पडद्याशी भांडायचे. “असं हाय तर आमच्या खाचरात येऊन दाखवा!” बोलणारा ‘शेतकरी बंधूंनो’ म्हणायचा आणि इथे लावणी सगळी बाया करायच्या, तो भाग वेगळा. कार्यक्रम कंटाळवाणाच होता. कॅमेरा एका जागी, बोलणारा घाबरलेला, खिशाला पेन. पण त्यात चिखल होता, आणि चिखलातलं माणूस स्वतःच्या तोंडाने बोलत होतं. आणि त्या अर्ध्या तासापुरतं एक घडायचं. कातकरवाडीतला एक म्हातारा होता, दुसऱ्याच्या शेतात राबणारा, पण भाताचं त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. बाबा त्याला हाक मारून ओटीवर घ्यायचे, कारण पडद्यावरचं बरोबर की चूक हे त्याला विचारायचं असायचं. महाभारताने त्याला कधी ओटीवर घेतलं नव्हतं.

मग ऑक्टोबर १९९२ मध्ये झी आलं, पुढे १९९४ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी (आताची सह्याद्री) आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी. मराठीचे तास वाढत गेले. त्यातली घरं मोठी होत गेली, जिने आले, सासवांना भरजरी साड्या आल्या. चिखल गेला.

मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे येणारी चार वर्षांची पोरं ‘मोटू-पतलू’चं हिंदी बोलतात. त्यांच्या आयांच्या हातात फोन आहेत. भट्टीवर गेल्या तरी रात्री ताडपत्रीच्या झोपडीत रिचार्ज संपेपर्यंत बघतात. आता प्रत्येकाचा पडदा वेगळा म्हणून गळा काढणाऱ्यांना मी त्या झोपडीत न्यायला तयार आहे. तिथे फोन बघणाऱ्या आईला कुणी खिडकीबाहेर उभं केलेलं नाही. गोष्ट जिथे सोडली होती तिथून ती उघडते. तिच्यासाठी मला १९९० परत नको आहे.

पण त्या फोनवर तिची वाडी नाही. म्हणजे अगदी नाहीच असंही नाही. ठाकूरवाडीतली दोन पोरं कांबड नाचाचे, गौरीच्या गाण्यांचे व्हिडिओ करून टाकतात. वाडीवर ते एकमेकांना दाखवत फिरतात. पिजच्या केंद्राचे वारस मला ते वाटतात, फरक इतकाच की त्यांना कुणी पगार देत नाही, आणि फवारणी किती करायची हे त्यांच्याकडून कळणार नाही.

म्हणून माझं मागणं जुन्या मालिकांचं नाही. त्या सगळ्या बोटाखाली आहेत, हव्या त्यांनी बघाव्यात. सह्याद्री वाहिनीकडे शेतीच्या कार्यक्रमांच्या जुन्या फिती जेवढ्या उरल्या असतील तेवढ्या तालुक्यानुसार लावून यूट्यूबवर टाकाव्यात. कुणाच्या तरी आजोबांचं शिवार त्यात नक्की सापडेल. आणि नवं काही करायचं असेल तर वाडीतल्या त्या पोरांना माइक द्यावा, मानधन द्यावं, मागे एक शेतीतला जाणकार बसवावा. सरकारी वाहिनी हे करू शकते, कारण तिच्यावर जाहिरातदार रुसला तरी ती बंद पडत नाही. एवढा एकच तिचा फायदा, तोही ती वापरत नाही.

शूटिंगला यायचं ठरलंच तर डिसेंबरात येऊ नका. हवा छान असते, डोंगर दिसतो, पण वाडी भट्टीवर असते. जुलैत या, लावणीला. गाडी रस्त्यावर ठेवावी लागेल आणि पाय भरतील, पण सगळे घरी असतात.