उतारही चिठ्ठीत लिहावा

‘रोज थोडे चालत जा’ हे वाक्य आपण डॉक्टर मंडळी दिवसातून कितीदा तरी उच्चारतो. किती, कोठे, कोणत्या वेगाने, हे क्वचितच सांगतो. गोळीची चिठ्ठी आपण इतकी मोघम कधी लिहिणार नाही. पांढुर्णा-सौंसर भागातील रुग्णाला या सल्ल्यासोबत एक ठिकाणही सांगता येईल, असे माझे मत आहे. ते ठिकाण म्हणजे सालबर्डीचा डोंगर.

मध्यप्रदेश व महाराष्ट्राच्या सीमेवरील हे स्थान आपणांस महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे परिचित आहे. यात्रेची गर्दी टाळून मार्गशीर्षातील एखाद्या रविवारी, दुपारचे जेवण हलके ठेवून, तेथे जावे. महादेवाच्या गुहेकडे झाडीतून जाणारी ही चढण मोठी नाही. तरी दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची ती चांगलीच परीक्षा घेते. चढताना सोबत्याशी बोलता येत असेल तर वेग योग्य समजावा. वाक्य तुटू लागले की हळू व्हावे. छातीवर दडपण आले आणि थांबताच ओसरले, तर ‘दम लागला असेल’ म्हणून सोडून देऊ नये. तो हृदयाचा निरोप असू शकतो व त्याची तपासणी व्हायलाच हवी.

चढणीचे गुण सर्वांस ठाऊक आहेत. उताराकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. ऑस्ट्रियातील फोरार्लबेर्ग प्रांतातील संशोधकांनी २००४ मध्ये एक मनोरंजक प्रयोग मांडला. त्यातील व्यक्ती काही आठवडे पायी चढून रोपवेने उतरल्या. दुसऱ्या टप्प्यात रोपवेने चढून पायी उतरल्या. चढण्याने ट्रायग्लिसराइड घटले, तर उतरण्याने शरीराची साखर पेलण्याची क्षमता सुधारली. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि हृदयावरचा ताण मात्र कमी असतो. ज्या मधुमेही रुग्णाला चढ झेपत नाही, त्याच्यासाठी ही बाब मोलाची आहे. अर्थात गुडघे झिजलेल्यांनी हा मोह आवरावा. इतरांनी काठी घ्यावी. पायांची संवेदना आधी तपासावी, इन्सुलिन घेणाऱ्याच्या खिशात साखर असावी. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, हेही आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तो पुन्हा फिरकणार नाही!

डोंगरावरच्या प्रत्येक देवस्थानाच्या दारापर्यंत मोटार गेली पाहिजे, ही मागणी मला म्हणूनच पटत नाही. वृद्ध व अपंगांची सोय अवश्य व्हावी. पण त्यापायी पायवाट मोडू नये.

आपल्या मंडळींनी यंदा रुग्णांना सोबत घेऊन एकदा जावे. झाडीत लवकर अंधारते, म्हणून दोनच्या सुमारास चढू लागावे.